छेद शोधायला निघालेल्या डॉक्टरांसाठी: पुण्यातून सार्वजनिक आरोग्य संशोधनात उतरताना

इंटर्नशिपमध्ये माझी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग होती. दुपारी ओपीडी ओस पडायची, म्हणून एकदा जुनी रजिस्टरं काढून खरजेचे रुग्ण मोजत बसले. सहा महिन्यांत ६१. त्यांतले शेजारच्या कातकरवाडीतले फक्त २. "सर, वाडीत खरूज जवळजवळ नाहीच," मी मेडिकल ऑफिसरांना उत्साहानं सांगितलं. ते चहा पीत होते. "वाडीत घरं किती?" मला माहीत नव्हतं. "माणसं किती?" तेही नाही. "मग जा, मोजून ये."

दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर चालत गेले. ३४ झोपड्या. पहिल्या पाच घरांतच खाजवणारी ११ माणसं भेटली. दवाखान्यात यायचं म्हणजे कामावर खाडा, खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. खाजेसाठी खाडा कोण करतो?

अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. वैद्यकीय शिक्षण आपल्याला अंशात पारंगत करतं: समोर आला त्याला तपासा, निदान करा, औषध द्या. जो आलाच नाही तो कुठल्याच केसपेपरवर नसतो. सार्वजनिक आरोग्य संशोधनात, विशेषतः ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा धड पोचत नाही त्यांच्यावरच्या संशोधनात, निम्मं आयुष्य हा छेद शोधण्यात जातं. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी इथेच थांबलं तरी काही बिघडत नाही, चांगले सर्जनही लागतातच. ज्यांना त्या ११ जणांबद्दल कुतूहल वाटलं, त्यांच्यासाठी पुढचं लिहिते आहे.

आधी पाय, मग पदवी

ॲडमिशनच्या दिवसांत मला हमखास फोन येतात: "मॅडम, एमपीएच करू की एमडी?" (एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी.) मी उलट विचारते, पोस्टिंग नसताना एखाद्या वस्तीत शेवटचं कधी गेला होतात? उत्तर यायला वेळ लागतो.

अजून एमबीबीएस चालू असेल तर दोन गोष्टी हाताशी आहेत. एक म्हणजे फॅमिली ॲडॉप्शन. तुम्हाला नेमून दिलेली कुटुंबं फक्त लॉगबुक भरण्यापुरती ठेवू नका. सणाला जा, पेरणीला जा, घरात कुणी आजारी पडलं की ते आधी कुणाकडे जातात ते बघा. मेडिकलवाला, बाबा, गावातला आरएमपी (म्हणजे बहुतेकदा पदवीशिवाय औषध देणारा), मग खासगी दवाखाना आणि सगळ्यात शेवटी सरकारी, असा क्रम दिसला तर तो लिहून ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, जिला सगळे एसटीएस म्हणतात. गाईड शोधायचा, छोटा प्रस्ताव लिहायचा, मंजूर झाला की दोन महिन्यांत काम करून अहवाल द्यायचा. हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, हे समजून घ्यायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

एमबीबीएस झालं असेल तर बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष आहे. ते अनेकांना शिक्षा वाटतं. पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा, वेल्हे, मुळशी, मावळचा डोंगराळ भाग इथली आरोग्य केंद्रं मिळाली तर टाळू नका. आदिवासी व डोंगरी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे (पीएचसी) २०,००० लोकसंख्या धरलेली असते, सपाटीला ३०,०००. उपकेंद्राला अनुक्रमे ३,००० आणि ५,०००. म्हणजे शासनानं तुम्हाला छेद कागदावर दिलेलाच आहे. वर्षभर एक वही ठेवा आणि प्रत्येक लसीकरण सत्रानंतर एवढंच लिहा: कोण आलं नाही, आणि सिस्टरच्या मते का आलं नाही. आशांच्या मासिक बैठकीला खुर्चीवर अध्यक्षासारखे बसू नका, सतरंजीवर बसा. वर्षाअखेर त्या वहीत तुमच्या प्रबंधाचे तीन विषय तयार झालेले असतील.

याच काळात दोन अभ्यास मुळातून वाचा, पाठ्यपुस्तकातला सारांश नव्हे. पहिला, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्यात बसून हा आकडा जन्मात सापडला नसता. दुसरा आपल्या दारातला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेला. त्यांनी गरोदर बायका शोधल्या नाहीत. लग्न झालेल्या बायका गरोदर राहण्याच्या आधीच नोंदवल्या, दर महिन्याला पाळीची चौकशी केली आणि मग गरोदरपण, बाळंतपण, मूल असं त्यांच्या मागोमाग जात राहिले. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण टिकून होतं. 'बारीक तरी चरबीयुक्त' हे भारतीय बाळाचं चित्र जगापुढे आलं ते इथून, आणि आपल्याकडच्या मधुमेहाचा विचार गर्भापासून व्हायला लागला. अशा कामात घरोघर जाणाऱ्या ताईंच्या चपला किती झिजतात याचा हिशेब कुठल्याच जर्नलमध्ये छापत नाहीत.

पदवी कोणती

एमबीबीएस झालेल्यांसाठी सरळ रस्ता म्हणजे एमडी कम्युनिटी मेडिसिन, ज्याला आपण अजूनही पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतो. तीन वर्षं, नीट-पीजी परीक्षेतून. पुण्यात बी. जे., एएफएमसी, भारती विद्यापीठ, काशीबाई नवले, पिंपरीचं डी. वाय. पाटील अशा ठिकाणी ती होते. पीएसएम 'मिळालं' म्हणून येणारे आणि 'घेतलं' म्हणून येणारे, असे दोन गट पहिल्याच आठवड्यात ओळखू येतात. कॉलेज निवडताना एकच गोष्ट विचारा: इथले विद्यार्थी प्रबंधाची माहिती स्वतः वस्तीत जाऊन गोळा करतात, की सोयीसाठी ओपीडीतच प्रश्नावली भरून घेतात?

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, नर्सिंग झालेल्यांसाठी एमपीएच आहे, दोन वर्षांची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती आहे. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था, चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्था, त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र ही नावं विचारात घ्यावीत अशी. चेन्नईच्या संस्थेचे आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांवरचे ऑनलाइन कोर्सही आहेत. त्यातला बीसीबीआर, म्हणजे जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत कोर्स, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तसाही सक्तीचाच आहे, तर तो पुढे पुढे ढकलत न बसता आधी मन लावून करा. परदेशी एमपीएचसाठी घर गहाण टाकू नका. फेलोशिप मिळाली तर जरूर जा.

आणि एमएमसीची (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची) नोंदणी जिवंत ठेवा. पाच वर्षांत ३० क्रेडिट तास भरून नूतनीकरण करावं लागतं. फील्डवर असलेले लोक हे हटकून विसरतात, मी स्वतः विसरले होते.

पुण्यात कुठे शिरायचं

या बाबतीत पुणेकर नशीबवान. विषाणूंत रस असेल तर एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था), १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली. एचआयव्हीवर काम करायचं तर भोसरीची १९९२ सालची आयसीएमआरची एड्स संशोधन संस्था. तिचं नाव आता बदललं असलं तरी रिक्षावाल्याला 'नारी' म्हटलेलंच कळतं. बी. जे. मेडिकलमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर अनेक वर्षं चाललेलं एचआयव्ही आणि क्षयरोगावरचं संशोधन आहे. 'प्रयास'चा आरोग्य गट आहे. लोकांचे आरोग्यहक्क आणि सरकारी सेवेवर लोकांनीच ठेवलेली देखरेख यांत 'साथी' संस्थेचं काम मोठं आहे. आदिवासी समाजांची माहिती हवी तर क्वीन्स गार्डनजवळची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आणि लोकसंख्याशास्त्र शिकायचं तर गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय.

पण नवख्या माणसाला एकच जागा दाखवायची तर मी वढूला नेईन. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. डॉ. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथे २२ गावांची लोकसंख्या सातत्यानं नोंदवली जाते: जन्म, मृत्यू, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, दर काही महिन्यांनी घरोघर फेरी. लाखाहून जास्त माणसांचा जिवंत छेद. नगर रस्त्यावरच्या कारखान्यांमुळे भाड्याच्या खोल्या वाढल्या, परप्रांतीय कामगार आले, आणि नोंद ठेवणं अवघड होत गेलं. ही अवघड जागाच शिकण्यासारखी आहे.

प्रश्न कसा निवडावा

माझी एकच कसोटी आहे. उत्तर 'हो' आलं तर कोण काय बदलेल, आणि 'नाही' आलं तर? दोन्हीकडे 'कुणी काही नाही' असेल तर तो प्रश्न सोडा, कितीही छापून येण्यासारखा असला तरी.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात आहेत, ही चर्चा कार्यकर्त्यांमध्ये आणि वर्तमानपत्रांत होती. 'आमच्या तांड्यात बऱ्याच जणींची पिशवी काढली' हा अंश. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली, ८०,००० हून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,००० हून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाली छेद आला तसं त्या बोलण्याला कुणी 'ऐकीव' म्हणेनासं झालं.

पुण्याच्या भोवती असे प्रश्न पायलीला पन्नास पडले आहेत. हिंजवडी-वाघोलीकडच्या बांधकाम साइटवरच्या लेबर कॅम्पातली लहान मुलं लसीकरणाच्या कुठल्या यादीत असतात? कचरावेचक बायकांच्या हातांना झालेल्या जखमा धनुर्वातापर्यंत जातात का? पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत वरच्या टोकाला राहणारी बाळंतीण घरी परतल्यावर किती दिवसांनी कुणाला दिसते? नवीन काही शोधायला आधी दिव्याखालचा अंधार बघा.

घरं मोजणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसाचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

नमुना किती घ्यायचा, हे आधी. सोपं सूत्र आहे: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, डी म्हणजे किती चूक चालेल ते. समजा बायकांमधला रक्तक्षय मोजायचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये तो साधारण ५४ टक्के निघाला. पाच टक्के चूक चालणार असेल, तर ४ × ५४ × ४६ भागिले २५, म्हणजे सुमारे ४००. पण तुम्ही एकेक बाई चिठ्ठी टाकून निवडत नसता, गावं निवडून गावातल्या बायका घेता. एका गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात, एकच विहीर, एकच रेशन दुकान. म्हणून नमुना दीडपट-दुप्पट करावा लागतो. वर न भेटणाऱ्यांसाठी दहा टक्के धरा. चारशेवरून तुम्ही नऊशेच्या घरात गेलात. प्रबंधाच्या परीक्षेत हा प्रश्न नक्की येतो, पण त्यासाठी नव्हे, गाडीभाड्याचा अंदाज चुकू नये म्हणून हे आधी करा.

मग यादी. तयार याद्या तीन: मतदार यादी, अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर, आशाताईंची वही. तिन्ही घ्या आणि एकीवरही विसंबू नका. मतदार यादीत भाडेकरू बहुधा नसतात. अंगणवाडीच्या रजिस्टरात कधी कधी पलीकडच्या ओढ्याची वस्ती दोन अंगणवाड्यांच्या मध्ये हरवते. स्वतः नकाशा काढा, देवळापासून किंवा हातपंपापासून सुरू करून, उजवा हात धरून. घर मोजू नका, चूल मोजा. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे रांधत असतील तर ती दोन कुटुंबं, आणि तीन खोल्यांमध्ये राहूनही एकत्र जेवत असतील तर एकच. 'तुमची चूल वेगळी का?' हा प्रश्न मात्र सासू समोर असताना विचारू नये.

तारीख पंचांग बघून ठरवा, गंमत नाही. मुळशी, मावळ, आंबेगावच्या पश्चिमेला जुलैत भातलावणी असते. चिखलात उभ्या असलेल्या बाईला तुम्ही कुठली प्रश्नावली वाचून दाखवणार? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. साखर कारखान्यांच्या परिसरात उलट: दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांचे तळ पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. जानेवारीत कातकरवाडीचा सर्वे केला तर तुम्हाला म्हातारे भेटतील, आणि तुम्ही लिहाल की वाडीत वृद्धांचं प्रमाण जास्त आहे.

बंद दार. माझ्या पहिल्या मोठ्या सर्वेत कुलूप दिसलं की आम्ही शेजारचं घर घ्यायचो. पटापट काम झालं, सगळे खूश. रक्तक्षयाचा आकडा बराच कमी आला. गाईडनी फॉर्मवरच्या वेळा चाळल्या: सगळ्या सकाळी अकरा ते दुपारी चार. "या वेळी घरी कोण असतं?" ज्यांना मजुरीला जावं लागत नाही, त्या. आमच्या नमुन्यातून नेमक्या मजूर बायका गळल्या होत्या. तो सगळा डेटा बाजूला ठेवला आणि आम्ही संध्याकाळी सहानंतर, रविवारी, बाजाराच्या सुट्टीला पुन्हा दारं वाजवली. तेव्हापासून माझा नियम आहे: बंद दाराला तीन भेटी, वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक दिवेलागणीनंतर. तरीही कुणी नाही भेटलं तर 'भेटले नाहीत' अशी नोंद. बदली घर नाही.

विचारायचं कसं

प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणि दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत, हे सगळे करतात. त्यानंतरचं काम कमी जण करतात: ती मराठी त्या वाडीत चालते का ते बघणं. 'योनिमार्गातून स्राव' म्हटलं तर समोरची बाई तुमच्याकडे बघत राहते. 'अंगावरून पांढरं जातं का' हे कळतं. 'अंग बाहेर येतं का', 'पिशवी काढली का', हे शब्द त्यांचे आहेत, तेच वापरा. 'अशक्तपणा आहे का' विचारू नका. सगळ्याच हो म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात.

बालमृत्यूच्या चौकशीत तर एकेका शब्दावर आकडा हलतो. 'पोटातच गेलं' असं सांगितलेलं बाळ कित्येकदा तासभर जगलेलं असतं. म्हणून शांतपणे विचारायचं: रडलं होतं का? हातपाय हलवले? कण्हलं का? याला हो आलं तर ती उपजत मृत्यूची नोंद राहत नाही, नवजात बाळाच्या मृत्यूची होते. हा प्रश्न विचारल्यावर लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळू नका. पेन खाली ठेवा. पाणी मागा.

वय विचारलं तर 'असेल चाळीस' असं उत्तर येतं. तेव्हा घटना लावा: पानशेत फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) जन्म झाला होता का, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आई नेत होती की तुम्ही स्वतः गेलात, धाकटा माळीणच्या दरडीच्या (३० जुलै २०१४) आधीचा की नंतरचा, लॉकडाऊनमध्ये अंगावर पीत होता का. उत्पन्न थेट विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, रेशनकार्ड पिवळं की केशरी ते विचारलं तर लगेच कळतं.

संमती, आणि ती मागणाऱ्याचा इतिहास

कागदपत्रं आधी उरकते. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही, पायलटचाही. तुमच्या संस्थेची कमिटी नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत कमिटीकडे जा. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा, त्यातलं असुरक्षित गटांवरचं प्रकरण दोनदा. चाचणी असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंद करा. जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, शहरात महापालिकेचं आरोग्य खातं, आदिवासी गावांत ग्रामसभा, यांना आधी भेटा. पण सरपंचांनी 'करा की' म्हटलं, म्हणजे वाडीतल्या बाईनं हो म्हटलं असं होत नाही. तिला वेगळं विचारावं लागतं, आणि तिला नाही म्हणता आलं पाहिजे. अंगठा घ्यायचा तर बाजूला तुमच्या चमूबाहेरचा साक्षीदार हवा.

पुण्यात दार वाजवणाऱ्यांनी १८९७ सालचा प्लेग लक्षात ठेवावा. रँडच्या कमिटीचे सोल्जर रोगी शोधायला घरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढलं. रोग शोधणं आवश्यक होतंच, पण ज्या रीतीनं ते केलं तिचा संताप एवढा की २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत हडपसरजवळ यशवंत फुल्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांना आणत होत्या, आणि १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. रँड आणि सावित्रीबाई, दोघांचंही काम रोग्यापर्यंत पोचायचंच होतं.

रक्ताच्या नमुन्याबद्दल 'हे रक्त विकतात' अशी कुजबुज होतेच. रागावू नका. पहिलं बोट स्वतःचं टोचून घ्या, सगळ्यांसमोर, आणि तुमचं हिमोग्लोबिन वाचून दाखवा. (माझं ११.२ निघालं होतं. वाडीत हशा पिकला, आणि मग रांग लागली.)

तपासणीत ७ ग्रॅम हिमोग्लोबिनची बाई सापडली, तर चिठ्ठी लिहून 'ससूनला जा' म्हणणं ही पळवाट आहे. भोरगिरीहून ससूनला जायला गाडी, सोबतीला माणूस, दोन दिवसांचा खाडा लागतो. हे पैसे प्रस्तावाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. मुलाखतीत गेलेल्या वेळेची, बुडालेल्या मजुरीची भरपाईही देता येते, फक्त ती आमिष वाटेल एवढी नसावी.

पैसा, घरचे, आणि कागद

थोडक्यात. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पावरच्या, कंत्राटी, अनेकदा अकरा महिन्यांच्या. निधीचा हप्ता लांबला की पगार लांबतो, म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. स्वतःचा निधी आणायला आयसीएमआरची अनुदानं आहेत, आणि थोडा अनुभव झाल्यावर इंडिया अलायन्सची क्लिनिकल व सार्वजनिक आरोग्याची फेलोशिप. बॅचमधल्या ऑर्थोच्या मित्राची गाडी बघून वाईट वाटेल, ते वाटू द्या. आत्याबाई प्रत्येक लग्नात 'दवाखाना कधी टाकणार गं?' विचारतील. माझ्या आत्यांना मी अठरा वर्षं सांगते आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस ओपीडी मात्र चालू ठेवा: हात राहतो, आणि वाडीत 'डॉक्टर' म्हणून तुमचा शब्द चालतो.

माहिती गोळा करायला मोबाईलवर ओडीके किंवा कोबो ही फॉर्म भरायची ॲप्स, विनारेंज चालतात. विश्लेषणाला एपी इन्फो किंवा आर ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. महागडं सॉफ्टवेअर चोरून वापरू नका. पेपर कुठे पाठवायचा तर आधी इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ, इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन, नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया अशी जुनी नावं बघा. आठ दिवसांत छापून देतो, पैसे भरा, अशी मेल आली तर डिलीट करा. लेखकांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव टाकायचा आग्रह होईल. त्यांनी काम केलं असेल तर टाका.

आकडे परत नेणं

हे शेवटी येतं म्हणून राहून जातं, तेव्हा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरना त्यांच्या भागाचे आकडे एका पानावर द्या, आणि तालुक्याच्या बैठकीत मांडायच्या आधी द्या. बैठकीत तोंडावर पडलेला एमओ पुढच्या वेळी तुम्हाला दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच करेल. गावात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असतात, तिथे दहा मिनिटं मागून घ्या. स्लाइड नकोत. एका ताटात वालाचे शंभर दाणे ठेवा, ५४ बाजूला काढा आणि सांगा: आपल्यातल्या शंभरातल्या एवढ्या बायांच्या अंगात रक्त कमी आहे. नावं घेऊ नका. वाडी लहान असेल तर कोण कुठली ते आकड्यावरूनही ओळखू येतं, तिथे दोन-तीन वाड्यांचं मिळून सांगा.

आणि तुम्ही काढलेल्या नकाशाची एक प्रत आशाताईंना द्या, लॅमिनेट करून. मागच्या वर्षी एका वाडीत आम्ही तो दिला तेव्हा ताईंनी तो उलटा-सुलटा करून बघितला, माझ्याकडचं पेन मागून घेतलं, आणि ओढ्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळीमागे तीन चुली वाढवल्या.